बोटीवर पाय मोडला, तर दावा पुण्यात

चाकणच्या मोठ्या कारखान्यात लाइनशेजारी तेल सांडून कुणी घसरला, की सुपरवायझर धावत येतो, फोटो निघतात, नोंद होते आणि शिफ्ट संपायच्या आत 'फाइव्ह व्हाय'चा, म्हणजे पाच वेळा 'का' विचारण्याचा, तक्ता भरला जातो. पडणाऱ्याला नुसतं खरचटलेलं असलं तरी. हाच माणूस दिवाळीच्या सुट्टीत बायकोमुलांना घेऊन मुंबईहून क्रूझवर जातो, ओल्या डेकवर घसरतो, मनगट मोडून घेतो. मग काय करतो? जहाजावरच्या डॉक्टरकडून पट्टी बांधून घेतो, त्या पट्टीचं बिल स्वतःच्या कार्डावर भरतो, पुढे सरकवलेल्या कागदावर सही करतो आणि घरी येऊन सांगतो, "माझंच लक्ष नव्हतं."

लक्ष होतं की नव्हतं, हे ठरवायला ग्राहक आयोग आहे, न्यायालय आहे. डेक ओला का होता, पुसायला माणूस का नव्हता, धोक्याची पाटी कुठे होती, चटई का सरकली? कारखान्यात आपण हे प्रश्न विचारल्याशिवाय लाइन सुरू करू देत नाही. समुद्रावर गेलो की तेच प्रश्न घरी ठेवून जातो. या गप्प बसण्याची मला चीड आहे, कारण त्याचे पैसे कुणीतरी वाचवत असतं.

क्रूझ आता श्रीमंतांची राहिलेली नाही. केंद्राने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. २०२९ पर्यंत क्रूझच्या प्रवाशांची संख्या दुप्पट करायची आहे. बॅलार्ड पिअरवरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. निगडीच्या टूरवाल्यांकडे आज अष्टविनायकाच्या शेजारी मुंबई-गोवा-लक्षद्वीपचं पत्रक असतं. भोसरी-चाकणच्या कंपन्या डीलरना, व्हेंडरना, टार्गेट गाठलेल्या टीमला बोटीवर नेतात. प्रवासी दुप्पट होणार, तर घसरणारे, जिन्यावरून पडणारे, अन्नातून आजारी पडणारेही वाढणार. त्यांच्यासाठी काय, हे पत्रकात लिहिलेलं नसतं.

लिहिलेलं असतं ते तिकिटाच्या अटींमध्ये. बारीक अक्षरात, वीस-पंचवीस पानांत, 'मला मान्य आहे' या चौकोनाच्या मागे. वेतन करारातलं एकेक कलम गेट मीटिंगमध्ये वाचून घेणारे आपण, इथे मात्र न वाचता टिचकी मारतो. त्या अटींत तीन गोष्टी बहुतेक ठिकाणी सापडतात: दावा कुठल्या शहरात लावायचा, किती दिवसांत लावायचा आणि कंपनी कशाकशाला जबाबदार नाही.

याचा सगळ्यात गाजलेला निकाल अमेरिकेतला आहे. वॉशिंग्टन राज्यातलं एक जोडपं लॉस एंजेलिसहून मेक्सिकोकडे निघालेल्या 'ट्रॉपिकेल' जहाजावर होतं. जहाजाचं स्वयंपाकघर दाखवायला नेलं असताना बाई डेकवरच्या चटईवरून घसरून पडल्या. त्यांनी आपल्या राज्यात दावा लावला. कंपनी म्हणाली, तिकिटावर छापलंय, खटला फ्लोरिडातच चालेल. म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. १९९१ मध्ये 'कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कंपनीची बाजू उचलून धरली. जखमी बाईंना तिकिटावरची एक ओळ नडली. तिथला कायदा कंपनीला एवढंच बजावतो, की दुखापतीची सूचना द्यायला सहा महिन्यांहून आणि दावा लावायला एक वर्षाहून कमी मुदत ठेवता येणार नाही. साहजिकच तिकिटांवर नेमकी तीच किमान मुदत छापलेली असते. मायामीहून कॅरेबियनला निघालेल्या आपल्या माणसांनी, विशेषतः न्यू जर्सीतल्या मुलाकडे गेलेल्या आईवडिलांनी, हे दोन आकडे पक्के लक्षात ठेवावेत.

आता आपल्याकडे या.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३४. तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे स्वतः कामधंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. जहाज मुंबईचं असो, कंपनीचं मुख्य कार्यालय परगावी असो, दुखापत अरबी समुद्रात झालेली असो, तुम्ही पिंपरीत राहता किंवा चाकणला कामाला जाता एवढं पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाला पुरे आहे. 'किंवा' म्हटलंय, ते नीट वाचा. लातूर, नांदेड, वाशीमहून आलेला पोरगा आधार कार्डावर गावचा पत्ता घेऊन महाळुंग्याच्या खोलीत राहत असला, तरी नोकरी इथे आहे म्हणून दावाही इथे लावू शकतो. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. ज्यांनी ती मिळवून दिली त्यांचे उपकार आहेत, आणि आपण ती वापरत नाही.

पुढची गोष्ट याहून मोलाची. आयोगाची पायरी आणि फी ठरते ती तुम्ही किती पैसे भरलेत त्यावर, किती भरपाई मागताय त्यावर नाही. पन्नास लाखांपर्यंत पैसे मोजले असतील तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. चौघांचं तिकीट लाख-दीड लाखाचं असेल, तर मोडलेल्या कमरेसाठी वीस लाख मागा, चाळीस मागा, जे कागदावर दाखवता येईल ते मागा. दरवाजा फुकट उघडतो. या रचनेला आव्हान दिलं गेलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ती वैध ठरवली. वकील हवाच अशी सक्ती नाही. तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

मुदत दोन वर्षं. तिकिटावर सहा महिने किंवा वर्ष छापलं असेल तर? भारतीय करार कायद्याचं कलम २८ सांगतं, की कायद्याने दिलेली मुदत करारातून कापणारी अट रद्दबातल. तरीही माझा सल्ला, वर्ष उलटू देऊ नका. परदेशी जहाज, परदेशी कायदा असा वाद निघाला तर त्या वादात तुमची दोन वर्षं कधी गेली ते कळणार नाही.

'फक्त अमुक शहरातील न्यायालयांना अधिकार' ही ओळ कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला वाचून दाखवेल. घाबरू नका. ग्राहक कायद्याचा उपाय इतर कायद्यांच्या जोडीला आहे असं कलम १०० सांगतं. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफच्या प्रकरणात स्पष्ट केलं. विमानाच्या तिकिटावरच्या 'फक्त दिल्ली' या अटीचा प्रश्नही २०११ मध्ये इंटरग्लोब एव्हिएशनच्या खटल्यात आला होता. ती अट दिवाणी न्यायालयांपुरती, हैदराबादच्या स्थायी लोकअदालतीला ती अडवत नाही, असा निर्वाळा मिळाला. प्रवासी मूळ मुद्द्यावर हरला, हेही सांगायला हवं. पण दाराशी अडवलेला नव्हता.

स्थायी लोकअदालतीचं नाव घेतलंच आहे तर थोडं थांबतो, कारण हा रस्ता फार कमी लोकांना माहीत आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २२-अ मध्ये हवाई, रस्ता आणि जलमार्गाने प्रवासी नेणारी सेवा 'सार्वजनिक उपयुक्तता सेवा' म्हणून नमूद आहे. जलमार्ग हा शब्द कायद्यातच आहे. एक कोटीपर्यंतचा वाद तिथे नेता येतो, कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली नाही तर लोकअदालत स्वतः निर्णय देऊ शकते. मात्र आधी दुसऱ्या न्यायालयात गेलात तर हे दार बंद. कुठून सुरुवात करायची, ते वकिलाशी बसून आधी ठरवा.

कंपनीच्या पैशाने गेलेल्यांचं काय? चाकणमध्ये हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. समोरचा म्हणेल, तिकीट कंपनीने घेतलं, व्यापारी कामासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक कसे? कायद्याने ग्राहक म्हणजे पैसे देणारा आणि त्याच्या संमतीने सेवा घेणारासुद्धा. व्यापारी हेतूबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा मुंबईतल्या लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टचा निकाल आहे. ट्रस्टने परिचारिकांना राहायला सदनिका घेतल्या होत्या. त्याचा नफ्याशी थेट संबंध नाही, म्हणून ट्रस्ट ग्राहक ठरला. कर्मचाऱ्यांना सहलीला नेणं हे मला याच्याच जवळचं वाटतं. विक्रीचं टार्गेट गाठलेल्या डीलरची सहल मात्र वादाची राहील. तिथे लढावं लागेल.

शिवाय कामगाराला दुसरा हक्क आहे तो मालकाकडून. सहल कामाचा भाग होती का, यावर नुकसानभरपाई ठरते. येणं सक्तीचं होतं का? बोटीवर मीटिंग, ट्रेनिंग होतं का? त्या दिवसांचा पगार हजेरी धरून मिळाला का? एचआरचा तो मेल, तो व्हॉट्सअॅप संदेश जपून ठेवा. 'ऐच्छिक' हा शब्द अपघातानंतर फार लवकर सापडतो.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते.

रेल्वे अपघातात मृत्यू झाला तर आठ लाख रुपये, चूक कुणाची हे सिद्ध न करता, रेल्वे दावा न्यायाधिकरणातून. रस्त्यावर वाहनाने धडक दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, तेही चूक सिद्ध न करता. जास्त हवे असतील तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहेच. विमानासाठी माँट्रियल करार आपण आपल्या कायद्यात घेतला. समुद्रात जाणाऱ्या प्रवाशासाठी असं एकही न्यायाधिकरण नाही. जगात यासाठी अथेन्स करार आहे, १९७४ चा. त्याचं २००२ चं सुधारित रूप एप्रिल २०१४ पासून अमलात आलं. जहाज बुडालं, आदळलं, पेटलं तर प्रत्येक प्रवाशामागे अडीच लाख एसडीआरपर्यंत (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), आजच्या दराने अंदाजे तीन कोटी रुपयांपर्यंत, वाहतूकदाराने प्रवाशाला चूक सिद्ध करायला न लावता द्यायचे. चूक नव्हती हे वाहतूकदाराला दाखवता आलं नाही तर चार लाख एसडीआरपर्यंत. साधं घसरून पडल्यास चूक प्रवाशाने सिद्ध करायची. युरोपीय संघाने हे सगळं आपल्या नियमांत घेतलं आहे, त्यामुळे बार्सिलोनाहून बोटीवर चढलेल्या चिंचवडच्या कुटुंबाला ते संरक्षण मिळतं. मुंबईहून चढलेल्या कुटुंबाला मिळत नाही, कारण भारत या करारात नाही. २०२५ मध्ये संसदेने १९५८ चा व्यापारी नौवहन कायदा बदलून नवा मंजूर केला. संधी होती.

आणि आपल्याला समुद्राने शिकवायचं काही बाकी ठेवलेलं नाही. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कंपनी होती कोकणी माणसाने प्रेमाने 'माझी आगबोट' म्हटलेली. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट आदळली. पंधरा जणांचा मृत्यू झाला. बोटीला ८४ प्रवाशांची परवानगी होती, आत शंभरहून अधिक होते. राज्याकडून मृतांच्या वारसांना पाच लाख, पंतप्रधान मदतनिधीतून दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार जाहीर झाले. ही मदत होती, सरकारने आपल्या मर्जीने दिलेली. हक्क म्हणून मिळते ती भरपाई वेगळी. मदतीचा धनादेश घेतला म्हणून दाव्याचा हक्क जात नाही. कितीतरी घरांत हे कुणी सांगतच नाही.

कंपनीकडून येणारा पहिला धनादेश मात्र वेगळा असतो. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या जिलिओ बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आडवी झाली. बोटीवर चार हजार दोनशेहून अधिक माणसं होती, ३२ गेली; मुंबईच्या एका वेटरचे अवशेष सापडायला नोव्हेंबर २०१४ उजाडला. अपघाताला दोन आठवडे होतात न होतात तोच कंपनीने दुखापत न झालेल्या प्रवाशांपुढे माणशी अकरा हजार युरो ठेवले, पुढचे दावे सोडून देण्याच्या अटीवर. क्रूझवर तुम्हाला अकरा हजार युरो कुणी देणार नाही. फुकट जेवण, पुढच्या फेरीचं कूपन, स्पाचं व्हाउचर मिळेल, आणि सोबत सहीचा कागद. कूपन घ्या हवं तर. सही करू नका.

दुखापत फार मोठी असेल, कायमचं अपंगत्व असेल, आणि जहाज परदेशी असेल, तर एक धारदार हत्यार आहे, आणि तेही मुंबईत. २०१७ चा नौकाधिकार (अॅडमिरल्टी) कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. जहाजाच्या चालवण्यामुळे झालेली दुखापत किंवा मृत्यू हा त्यात 'सागरी दावा' आहे आणि त्यासाठी मुंबई उच्च न्यायालय जहाजच अटकेत ठेवू शकतं. जहाज बंदरात अडकलं की रोजचा खर्च कंपनीच्या डोक्यावर चढतो, आणि मग परदेशी कंपनीला पुण्याचा पत्ता सापडतो. हा अधिकार रुंदावण्याचं श्रेय गोव्यातल्या एका कंपनीकडे जातं. मुरगाव बंदरातून १९८४ मध्ये माल घेऊन गेलेलं 'एम. व्ही. एलिझाबेथ' हे जहाज पुढे विशाखापट्टणमला अडवलं गेलं, आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जहाजावरही भारतीय उच्च न्यायालयांचा अधिकार चालतो असं ठणकावलं. नौदलाच्या नौका आणि अंतर्गत जलमार्गावरच्या बोटींना मात्र हा कायदा लागू नाही.

आता बोटीवर करायचं काय, ते थोडक्यात. पडलात की तिथेच बसा आणि बरोबरच्याला फोटो काढायला सांगा: ओली फरशी, नसलेली पाटी, तुटकी कड, पायातली चप्पलसुद्धा. शेजारच्या केबिनवाल्यांचे फोन नंबर घ्या. किनाऱ्याला लागल्यावर ते पुन्हा भेटत नाहीत. रिसेप्शनला जाऊन अपघाताची लेखी नोंद करायला लावा, तिची प्रत मागा, आणि त्याच दिवशी कंपनीला मेल टाका: अमुक वेळेचं, अमुक डेकचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा. मेल गेल्यावर चित्रण पुसलं तर त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. जहाजावरच्या डॉक्टरच्या नोंदी आणि बिल घ्या. त्या डॉक्टरच्या चुकीला कंपनी जबाबदार नाही, असं अमेरिकेतली न्यायालयं वर्षानुवर्षं मानत आली. २०१४ मध्ये तिथल्या अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ही ढाल काढून घेतली. उतरल्यावर पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात किंवा कुठल्याही सरकारी रुग्णालयात तपासून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद, करून घ्या. निष्काळजीपणाचा गुन्हा वाटत असेल तर झीरो एफआयआर भोसरी, निगडी, महाळुंगे, कुठल्याही ठाण्यात होते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवायचा अधिकार पोलिसांना नाही. आणि तक्रारीत तिकीट विकणाऱ्या टूरवाल्यालाही प्रतिवादी करा. त्याचं ऑफिस इथे आहे, पैसे त्याने घेतलेत, बोट कुणाची हे सांगायची जबाबदारी त्याची.

आयोगात तारखा पडतात. तीन महिन्यांत निकाल, असं कायदा म्हणतो आणि घडत तसं नाही. पण आदेश झाल्यावर तो न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षांचा तुरुंगवास, किमान पंचवीस हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एवढी ताकद असलेला कागद फुकटात मिळत असताना मनगटाची पट्टी स्वतःच्या खर्चाने बांधून घ्यायची कशाला?

राहिला अथेन्स करार. मावळ लोकसभा मतदारसंघात पिंपरी आहे, चिंचवड आहे आणि उरणही आहे. घारापुरी बेट उरण तालुक्यात येतं. म्हणजे 'नीलकमल'मधली माणसं निघाली होती ती आपल्याच खासदारांच्या मतदारसंघाकडे. भोसरी आणि चाकण शिरूरमध्ये येतात. श्रीरंग बारणे आणि अमोल कोल्हे वेगवेगळ्या पक्षांचे आहेत. या प्रश्नाला पक्ष नाही. भारत अथेन्स करारात कधी सामील होणार आणि तोवर समुद्रातल्या प्रवाशाला रेल्वेच्या प्रवाशाइतकी तरी भरपाई चूक सिद्ध न करता मिळेल का, एवढे दोन अतारांकित प्रश्न दोघांनी पुढच्या अधिवेशनात बंदर, नौवहन आणि जलमार्ग मंत्र्यांना विचारावेत. उत्तर लेखी येईल. ते आल्यावर इथे छापू.